नववीतला अर्धा हात

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी माझा नंबर यायची वाट बघत होते. मागून आवाज आला, "खांदे समान."

आवाज चढा नव्हता. पण माझ्या डोक्याला काही कळायच्या आत पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली आणि दोन्ही पाय जुळले. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, लग्न झालं, मुलगा कॉलेजात गेला, आणि अंग मात्र अजून त्या आवाजाच्या ताब्यात होतं. वळून पाहिलं तर आमच्या बडोद्याच्या शाळेतल्या पीटीच्या बाई. सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. त्या स्वतःचा गुडघा दाखवायला आल्या होत्या हे मागाहून कळलं. आधी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि विचारलं, "उजवा खांदा पडलाय. काय केलंस?"

त्या दिवसांत माझ्या आजाराची बातमी सांगण्याची एक ठरलेली पद्धत होऊन बसली होती. मी सांगायची, समोरचा माणूस रडायचा, आणि मग मीच त्याची समजूत घालून त्याला चहा करून द्यायची. बाईंना मात्र मी हजेरी दिल्यासारखं एका दमात सांगून टाकलं. ब्रेस्ट कॅन्सर. उजवी बाजू काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. आता केमो सुरू होईल. हात खांद्याच्या वर जात नाही.

बाई रडल्या नाहीत. "अरेरे" म्हणाल्या नाहीत. आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत त्यांनी विचारलं, "उजवाच ने?"

"हो बाई."

"हाच तो. नववीत कवायतीला हाच हात अर्धा राहायचा तुझा."

मला हसू फुटलं. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदाच खरोखर हसत होते, त्यामुळे टाके ओढले गेले आणि मी एकाच वेळी हसत आणि कण्हत बसले. शेजारचे काका घाबरून उठले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

नववीतल्या हाताचं प्रकरण असं होतं. स्नेहसंमेलनाला आमच्या शाळेची सामुदायिक कवायत व्हायची. सगळ्या मुलींचे हात कानाला चिकटून सरळ वर गेलेले असत आणि माझा उजवा हात वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारावं तसा मध्येच थांबलेला असे. दुखत वगैरे काही नव्हतं. मुळात मला पीटीचा कंटाळा होता आणि तो कंटाळा त्या कोपरात राहायला आला होता. बाई रांगेतून फिरत माझ्या मागे येत, एका बोटाने कोपर वर ढकलत, आणि त्या पुढे गेल्या की हात आपला पुन्हा खाली येई. शेवटी त्यांनी मला एका उंच मुलीच्या मागे उभं केलं आणि बजावलं, "तुला मी पास केलेलं नाही. फक्त पुढे ढकललंय." ते मी त्याच आठवड्यात विसरले. बाई विसरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फतेगंजहून स्कूटीवर निघाल्या आणि शहर ओलांडून गोत्रीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बाई हॉर्न वाजवत नाहीत. हॉर्न म्हणजे आळशी माणसाचा आवाज, स्वतःच्या फुफ्फुसातून येतो तो खरा, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे त्यांनी फाटकाशी शिट्टी वाजवली आणि आमचा वॉचमन खुर्चीतून उठून सावधान झाला.

बाईंच्या लेखी माणूस मोठा होत नाही, तो फक्त शाळा सोडतो. आम्ही त्यांच्याबरोबर बाजारात गेलो की त्या ओळख करून देणार, "ही दहावी क," आणि समोर केस पिकलेली, सुना असलेली बाई लाजून उभी असणार. बँकेतला मॅनेजर त्यांच्या हाताखाली शिकलेला नाही, पण त्याची बहीण शिकलेली आहे, म्हणून तो "आठवी ब-चा भाऊ." माझा नवरा मूळचा सांगलीचा. त्याला कुठल्या वर्गात बसवावं हे बाईंना बरेच दिवस ठरवता येईना. मग त्यांनी तोडगा काढला आणि त्याला "बाहेरगावचा प्रवेश" म्हणू लागल्या. तो बिचारा त्या हाकेला ओ देऊ लागला.

त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. घरात त्याची तलवार, बिल्ला असली काही खूण नाही, पण शिस्त सगळी उतरली आहे. त्यांच्या फडताळात चहाचे कपसुद्धा कान एका बाजूला करून रांगेत उभे असतात. लग्न केलं नाही. का, असं एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "दोन-तीन स्थळं आली होती. पोक होतं." आणि रोज सकाळी मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ, तीही कच्चीच. उसळ खाणाऱ्याला आयुष्यात काही होत नाही, ही त्यांची अढळ श्रद्धा होती. माझा आजार त्यांनी उसळीच्या अभावाच्या खात्यावरच मांडला असावा, पण तसं त्या बोलल्या नाहीत.

पहिल्या केमोला त्या माझ्याबरोबर आल्या. नर्स इंजेक्शनसाठी चुकून माझ्या उजव्या हाताशी गेली. त्या बाजूच्या गाठी काढलेल्या असल्यामुळे त्या हाताला सुई टोचायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत शिट्टी वाजली. अख्खा वॉर्ड दचकला. एका आजोबांच्या हातातलं नारळपाणी सांडलं.

"बा, अहीं सीटी ना वगाडाय," नर्स समजुतीच्या सुरात म्हणाली.

"तो हात बदलो," बाई म्हणाल्या.

नर्सने हात बदलला. पुढच्या खेपेपासून बाईंनी माझ्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधायला सुरुवात केली, म्हणजे शिट्टीची गरज पडू नये. पुढे त्या वॉर्डातल्या तशा सगळ्या बायकांच्या मनगटाला लाल फिती दिसू लागल्या. फितींचं रीळ बाईंच्या पिशवीत असे. आमचे तरुण डॉक्टर त्यावर खूश झाले, तर बाई त्यांना म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण तुम्ही उभे कसे राहता? खांदे बघा." तेव्हापासून डॉक्टर राउंडला आले की दारातच जरा सरळ होत.

आमच्या सोसायटीत सगळे मिळून मिसळून राहतात, पण मी आजारी पडल्यावर प्रेमाचा नुसता पूर आला होता. एकाच दुपारी चार घरांतून खिचडी येई आणि दुसऱ्या दिवशी एकाही घरातून काही येत नसे. बाईंना ही बेशिस्त बघवली नाही. त्यांनी एका रविवारी सगळ्यांना पार्किंगमध्ये जमवलं आणि शाळेत करतात तसे चार गट पाडले. लाल गटाने मला दवाखान्यात न्यायचं-आणायचं. निळ्या गटाने जेवण बघायचं. हिरव्या गटाकडे घरातली कामं, त्यात बाहेरगावचा प्रवेश कप्तान. आणि पिवळ्या गटाने मला हसवायचं. पिवळ्या गटात सगळे निवृत्त काका होते, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. चांगल्या कामाला बाई गुण देत आणि ते लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहीत. चेअरमन आधी कुरकुरले. त्यांना लाल गटाचं कप्तान केल्यावर ते स्वतःच फळा पुसून स्वच्छ ठेवू लागले.

निळ्या गटाच्या कप्तान भावनाबेन, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. केमोने माझ्या तोंडाची चव पार गेली होती. सगळ्याला लोखंड चाटल्यासारखी चव यायची. भावनाबेनच्या डाळीत गूळ, कोकम, शेंगदाणे सगळं असायचं, एरवी मी त्यावरून त्यांना चिडवायचे की तुमच्या डाळीत आणि तुमच्या मिठाईत फरक काय. त्या दिवसांत नेमकी तीच डाळ तेवढी जिभेला कळायची. मी वाटी चाटूनपुसून परत पाठवली की भावनाबेन ती रिकामी वाटी बाईंना दाखवायला फळ्यापाशी घेऊन जात. पिवळ्या गटाचे विनोद मात्र फार वाईट असत. एक काका विनोद सांगायच्या आधीच इतके हसत की विनोद कधी बाहेरच येत नसे, आणि तेच बघून माझं हसून पोट दुखे. बाईंनी बरीच खळखळ करत त्यांना गुण दिले.

केस गेले तेव्हा मी दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी दाराखालून पांढरी कापडी टोपी आत सरकवली. शाळेतल्या पीटीच्या गणवेशातली होती. बाहेरून म्हणाल्या, "ऊन फार आहे. टोपी घालून ये." जणू केस गेल्याची अडचण फक्त उन्हापुरतीच होती. मी टोपी घातली आणि दार उघडलं. आजही ती टोपी माझ्या कपाटात इस्त्री करून ठेवलेली आहे आणि मी ती कोणाला देणार नाही.

डॉक्टरांनी याच सुमारास एक फार मोठा आघात केला, माझ्यावर नव्हे, बाईंवर. केमो चालू असताना प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून कच्चं काही खायचं नाही. कच्ची कोशिंबीर नाही, मोड आलेली कडधान्यं तर अजिबात नाहीत. बाईंनी दोनदा खात्री करून घेतली. "मोडपण नाही?" "नाही." घरी येताना त्या रिक्षात ताठ बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तू खाणार नाहीस तर मीपण भिजवत नाही." आणि खरोखरच त्यांनी मूग भिजवणं बंद केलं. त्यांच्या घरी मुगाचा मोठा डबा नुसता पडून राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे त्या मुगांनी स्वतःचं म्हणणं मांडलं.

हात हे आमचं मुख्य काम होतं. फिजिओथेरपीच्या मुलीने व्यायाम शिकवला होता, की भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढायचं. बाई खडूने खूण करत. थोडे दिवस खूण वर सरकली आणि मग एका जागी येऊन थांबली, बरोबर माझ्या नाकासमोर. बाईंनी त्या मुलीला विचारून लेझीम आणलं. "जड नको," ती म्हणाली, म्हणून बाईंनी त्यातली साखळी आणि चकत्या काढून नुसता लाकडी दांडा ठेवला. रोज सकाळी गच्चीवर मी आणि बाई मुक्याने लेझीम खेळायचो. टाकीशेजारी कपडे वाळत घालायला आलेल्या बायका थांबून बघत. मग भावनाबेनही आल्या, मग आणखी दोघी आल्या, आणि वेलणं, म्हणजे लाटणी, घेऊन माझ्या मागे उभ्या राहू लागल्या.

सगळंच असं हसतखेळत झालं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. अर्ध्या केमो झाल्या आणि मी थकले. तोंड आलं होतं, नखं काळी पडली होती, पायाला मुंग्या येत होत्या. एका सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि नवऱ्याला सांगितलं की मी आता जाणार नाही, उरलेल्या घेणार नाही. त्याने खूप समजावलं. मग त्याला रडू आलं आणि त्याने बाईंना फोन केला.

बाई आल्या. मला वाटलं, आता भाषण होणार. त्या माझ्या पलंगाशी जमिनीवर बसल्या, दुखरा गुडघा सरळ पसरून. मग म्हणाल्या, "आज पावसाळी पीटी."

शाळेत पाऊस असला की मैदानावर जायचं नसे. आम्ही वर्गात बाकावर बसायचो आणि बाई फक्त बोटांची कवायत घेत. मूठ उघडा, मूठ मिटा. मी भिंतीकडे तोंड करूनच मूठ उघडली, मिटली. मला रडू आलं.

"रड," बाई म्हणाल्या. "पण ताठ बसून. वाकून रडलं की छाती मोकळी होत नाही."

मी उठून बसले आणि ताठ बसून रडले. तसं रडणं फार अवघड असतं, थोड्या वेळात संपतं. मी म्हटलं, "बाई, मला कंटाळा आलाय. मला खरंच नाही जायचं."

"कंटाळा तर मलापण यायचा. दर वर्षी नव्या मुली, आणि दर वर्षी एकीलाही डावं-उजवं कळत नाही. मी आले ने तरी रोज?" मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बघ जो, मला समजूत घालता येत नाही. आईनेपण कधी माझी घातली नाही. मला फक्त हजर राहता येतं. तू जा, मी बाहेर बसते."

त्या दिवशी मला कळलं की या बाईचं आपल्यावर किती प्रेम आहे. तसं मी त्यांना म्हटलं नाही, कारण त्या उठून गेल्या असत्या. मी उठून चपला घातल्या. लाल गटाचे चेअरमन गाडी चालू करून उभेच होते.

केमो संपल्या, रेडिएशनही संपलं. डोक्यावर नवजात बाळासारखी लव आली. आणि नवरात्र तोंडावर आलं. बडोद्याच्या बाईला नवरात्र काय असतं हे सांगायला नको. ऑपरेशनच्या आधी मी सोसायटीच्या गरब्यात सगळ्यांत पुढे असायचे, रांगेतल्या पोरींना पावलं शिकवायचे. पीटीत अर्धा राहिलेला हात गरब्यात मात्र कसा कोण जाणे पुरा जायचा. आता मात्र मी भावनाबेनना सांगितलं की मी खाली येणार नाही, खिडकीतून बघेन. चोळीची एक बाजू सपाट, हात वर जात नाही, आणि सगळ्यांच्या नजरा. आजार मी सहन केला होता, पण त्या नजरांपुढे गोल फिरणं मला जमणार नव्हतं. भावनाबेनचा चेहरा उतरला.

बाईंचं गरब्याबद्दल मत चांगलं नव्हतं. "गोल गोल फिरायचं आणि पोचायचं कुठेच नाही," असं त्या म्हणत.

"ए ज तो मजा छे, बेन," भावनाबेन त्यांना समजावत. "क्यांय पहोंचवानुं ज नथी."

पण मी जात नाही म्हटल्यावर बाईंचं डोकं वेगळ्या दिशेने चालू लागलं. "नजरांचं सोड," त्या म्हणाल्या. "तुझे खांदे समान नाहीत. एका बाजूला वजन आहे, एका बाजूला नाही. मग हात कसा जाईल वर?" काढलेल्या बाजूला चोळीत घालायचं दुकानातून आणलेलं पॅड सिलिकॉनचं होतं, ते मला गरम व्हायचं आणि घामाने सरकायचं. कापसाचं इतकं हलकं की वरच चढून बसायचं. बाईंनी ठरवलं, आपण शिवायचं.

बाईंना शिवता येत नाही. त्यांचे टाके संचलनातल्या मुलींसारखे, एकेक हात अंतर ठेवून उभे. पहिल्या पिशवीत त्यांनी आखाड्यातली लाल माती भरली, कारण ती अंगाला थंड असते. गच्चीवर कवायत केल्यावर माझ्या पांढऱ्या कुडत्याचा जो नकाशा झाला तो बघून भावनाबेनने किंकाळी फोडली. मग बाईंना पडून राहिलेल्या मुगाचा डबा आठवला. मूग खरोखरच छान बसले. वजन बरोबर, थंडावा बरोबर, हललं की आपोआप आकार घेत. भावनाबेनने चोळीला आतून खिसा शिवून दिला. मी आरशासमोर उभी राहिले आणि माझे खांदे समान होते.

पहिल्या संध्याकाळी मी नुसती खुर्चीवर बसले. मग एक फेरी, मग दोन. बाई कडेला खुर्ची टाकून सगळ्यांच्या चपला राखत बसत, पायात बूट तसेच. गरबा अनवाणी असतो, देवीभोवती असतो, म्हणून त्या रिंगणात येत नसत. "मैदानात मी बुटाशिवाय उतरत नाही," हे त्याचं कारण. मला आनंद होत होता, पण टाळीला सगळ्यांचे हात डोक्यावर जात तेव्हा माझा उजवा नाकासमोर थांबायचा. बाई लांबून बघत.

अष्टमीच्या संध्याकाळी अचानक पाऊस आला. आम्ही कोणी थांबलो नाही, भिजतच खेळलो. घरी आले ती इतकी दमलेली की ओली चोळी तशीच बादलीत टाकली, वर झाकण ठेवलं आणि झोपले. दुसरा दिवस पाहुण्यांत गेला. संध्याकाळी, शेवटच्या गरब्याला तयार होताना, मला चोळी आठवली. बाई माझी वाट बघत खोलीत बसल्या होत्या. झाकण काढलं तर पिशवी दुप्पट फुगलेली, आणि बाईंच्या त्या विरळ टाक्यांतून चहूबाजूंनी पांढरे कोंब बाहेर आलेले.

आम्ही दोघी बघत राहिलो. डॉक्टरांनी मोड बंद केले होते, मुगांनी ऐकलं नव्हतं.

बाईंनी पिशवी हातात घेतली, दाबून बघितली, एक कोंब नखाने तपासला. वर्षानुवर्षं मूग भिजवणाऱ्या माणसाचा आदर त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. "मोड फार सुरेख आलेत," त्या म्हणाल्या.

मग मात्र आम्हाला हसू आवरेना. मी पलंगावर आडवी झाले, बाई भिंतीला टेकल्या, शिट्टी त्यांच्या छातीवर उडत होती. नवरा दारात येऊन काय झालं विचारू लागला तर आम्हाला सांगताही येईना, मी नुसती पिशवी दाखवली. टाक्यांच्या जागी दुखेपर्यंत मी हसले. अंगाचा जो भाग मी महिनोन्‌महिने आरशात बघायचं टाळत होते, त्याच्या नावाने मी पोट धरून हसत होते.

खालून ढोल सुरू झाला. भावनाबेनने हाक मारली. मी डोळे पुसले आणि बाईंना म्हटलं, "आता काय घालू?"

"काय घालायचं?" बाई म्हणाल्या. "खांदे समान ठेव आणि चल."

मी तशीच गेले. एक बाजू सपाट, ओढणी नेहमीसारखी, पिन जास्तीची नाही. लोकांनी पाहिलं असेल. चेअरमनच्या बायकोने तर नक्की पाहिलं, कारण तिने लगेच नजर फिरवून माझ्याशेजारी जागा केली. मग ढोल चढला आणि बघायला कोणाला वेळ उरला नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, वळण, टाळी. घाम आला, श्वास लागला, पायांना सगळं आठवू लागलं. कुठल्या फेरीला ते झालं मला माहीत नाही. टाळीला सगळ्यांचे हात वर गेले आणि माझा दंड माझ्या कानाला लागला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लांब, एकसुरी, फुफ्फुसातल्या सगळ्या हवेची.

ढोलवाला थांबला. अख्खा गरबा हात वर असतानाच जागच्या जागी गोठला. पोरं, आज्या, पिवळ्या गटाचे काका, सगळे शाळेच्या मैदानावर असल्यासारखे उभे. बाई खुर्चीवरून उठल्या. वाकून त्यांनी बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, चपलांच्या रांगेत जुळवून ठेवले. मग लंगडत, अनवाणी, रिंगणातून माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. माझ्या उजव्या कोपराला त्यांचं एक बोट लागलं. त्यांनी ते थोडा वेळ तसंच ठेवलं आणि काढून घेतलं.

हात खाली आला नाही.

"जा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा फाटला. "नववी पास."

टाळ्या वाजल्या, ढोल सुरू झाला, आणि बाई रिंगणात अडकल्या. बाहेर पडायला वाट मिळेना म्हणून त्या आमच्याबरोबर एक फेरी फिरल्या, उलट्या दिशेने.

हल्ली त्यांना माझ्याकडे यायला वेळ नसतो. रोज सकाळी त्या शहराच्या टोकाला, छाणीला जातात, तिथल्या एका बाईचं तसंच ऑपरेशन झालंय, तिचाही उजवा हात वर जात नाही. त्या सोसायटीत चार गट पडले आहेत. मी पिवळ्या गटात आहे, पाहुणी खेळाडू म्हणून. मागच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. कसं काय वगैरे काही नाही.

"मूग सोडून दुसरं काय भरता येईल?"

"मोहरी भरा, बाई."

"मोहरी," त्या म्हणाल्या. "बरं. पण मग उसळ होणार नाही."